झीलकरी कुशाबा

कुशाबा आमच्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डात वॉर्डबॉय होता. बॉय म्हणायचे, पण मी त्याला पहिल्यांदा पाहिला तेव्हाच त्याच्या मिश्या पिकलेल्या होत्या. इस्पितळ परळचं. मी प्लास्टरच्या खोलीत कामाला. तयार पट्ट्या तेव्हा मिळत नसत. जाळीचं कापड टेबलावर पसरायचं, त्यावर प्लास्टरची भुकटी तळहाताने चोळायची आणि सैल हाताने गुंडाळायचं. घट्ट गुंडाळलं तर पाणी आत पोचत नाही, पट्टी मधे कोरडी राहते आणि प्लास्टर तिथेच तडकतं. हे काम मी नोकरीभर केलं.

कुशाबाचं काम माझ्यापेक्षा जड. रुग्ण उचलायचा, कूस बदलायची, भांडं द्यायचं, व्यायामाच्या खोलीत न्यायचं आणि परत आणायचं. पाय टांगलेल्या माणसाला भांडं देताना एक हात कमरेखाली, एक मांडीखाली घालून वजन आपल्या गुडघ्यांवर घ्यावं लागतं. नवे लोक ते पाठीवर घेतात आणि वर्षभरात स्वतःच खाटेवर पडतात. कुशाबाची पाठ शेवटपर्यंत शाबूत राहिली.

तो मूळचा साताऱ्याकडचा. राहायला डिलाईल रोडच्या चाळीत. तरुणपणी तो जलशात होता. आंबेडकरी जलसे त्या वेळी चाळीचाळींतून होत. शाहीर पुढे उभा राहून कथा गाणार, मागे दोघे-तिघे झीलकरी. शाहिराची ओळ संपली की ती यांनी उचलायची, ‘जी जी’ करत लांबवायची आणि तेवढ्यात शाहिराने दम घ्यायचा. कुशाबा शाहीर कधी झाला नाही. मी एकदा विचारलं, पुढे का नाही उभा राहिलास?

म्हणाला, “पुढं उभं राह्यला गळा लागतो. मागं उभं राह्यला कान लागतो. माझ्याकडं कानच हाय.”

शाहिराचा श्वास कुठे संपणार ते मागच्याला आधी कळलं पाहिजे. झील उशिरा आली तर गाणं पडतं. लवकर आली तर शाहीर मागे वळून बघतो, आणि कार्यक्रम संपल्यावर शिव्या देतो.

वॉर्डात त्याने हेच चालू ठेवलं. माणूस उचलायचा तो त्याने श्वास सोडल्यावर. प्लास्टर कापायची कात्री मोठी असते, पत्रा कापायच्या कात्रीसारखी. ती पाहिली की गडीमाणसंसुद्धा पाय आवळून धरतात. मग कुशाबा उशाशी बसायचा, गाव विचारायचा आणि त्या गावची गोष्ट सुरू करायचा. गोष्टीत नदी चुकीच्या बाजूला, देऊळ भलतीकडे.

“अरे बाबा, आमची नदी गावाच्या खाली आहे,” रुग्ण म्हणायचा.

“खाली कशी? मी आलोय की तुमच्यात जत्रंला.”

“डोंबलाचा आलायस!”

तोवर माझी कात्री घोट्यापर्यंत आलेली असायची. हा चुकीचं मुद्दाम सांगायचा. माणूस दुरुस्त करायला लागला की पाय सैल सोडतो. मला कापायला सोपं जायचं, म्हणून मी त्याला नेहमी हाक मारायचो.

रघुवीर आमच्याकडे आला तो छप्पन सालच्या जानेवारीत. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तेव्हा रोज कुठे ना कुठे चालू असत. लालबागला एका नाक्यावर हातगाडीवर फळ्या टाकून कलापथक उभं होतं, त्यात हा ढोलकीला. पुढच्या चौकात अश्रुधूर सुटला, माणसं धावत आली आणि हातगाडी कलंडली. रघुवीर खाली, फळ्या वर. उजवं कोपर फुटलं. डॉक्टरांनी उघडून हाडं बसवली. पट्ट्या माझ्याच हातच्या होत्या.

रघुवीर मालवणकडचा. गिरणीत विणकर, चिंचपोकळीला खोली, बायको बकुळा. ढोलकी तो लालबागच्या घाटी मंडळींत शिकला होता. त्याला ढोलकीची चिंता होती, पण मोठी चिंता धोट्याची. मागावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि धोटा तोंडाशी नेऊन भोकातून सूत श्वासाने ओढून घ्यायचं. दिवसभर हेच. उजवा हात तोंडापर्यंत पोचला नाही तर विणकर कसला? गिरणीने त्याचे माग बदलीवाल्याला दिले होते. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, भला माणूस, पण वरच्यांपुढे त्याचंही फार चालत नसे. त्याने निरोप पाठवला होता: दिवाळीनंतर हात चालत असेल तर ये, नाहीतर नाव निघेल.

कुशाबाला हे कळलं तेव्हा तो रघुवीरच्या अंथरुणाची चादर बदलत होता.

“सूत तोंडानं ओढता म्हणून तर आमच्या माणसाला त्या खात्यात घेत न्हवते,” तो म्हणाला. “विटाळ व्हायचा तुमच्या कापडाला. आता ढोलकीमास्तर, तुमचा हात माझ्या हातात आलाय. कसं करायचं?”

रघुवीरने प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, “मोड मेल्या. मोडलेलोच आसा.”

दोघे हसले. त्या दिवसापासून त्यांचं जमलं.

प्लास्टर निघालं तेव्हा कोपर काटकोनात अडकलेलं. ना सरळ होतं, ना वळत होतं. व्यायामाच्या खोलीत कालिंदीबाई होत्या. गिरगावातून यायच्या, पांढरी सुती साडी, पदर खोचलेला, बोलणं मोजकं. व्यायामाने सांधे मोकळे करायच्या विद्येचं शिक्षण इथे नुकतंच सुरू झालं होतं आणि बाई पहिल्या शिकलेल्यांतल्या. त्यांचा नियम एकच. कोपर रुग्णाने स्वतः हलवायचं, दुसऱ्याने ढकलायचं नाही. कोपराला जोर केला तर आत रक्त साकळतं, त्याचं हाड होतं आणि सांधा कायमचा बसतो. पाय वेगळा, खांदा वेगळा. कोपराला घाई चालत नाही.

रघुवीर हलवेना. हात पोटाशी धरून बसायचा. बाई “एक, दोन” म्हणायच्या, हा कपाळावर घाम आणून बोटभर हलवायचा आणि थांबायचा. समोर बाकावर बकुळा बसलेली असे. ती त्याच्याकडे बघायची नाही, भिंतीकडे बघायची.

कुशाबाने बाईंना विचारलं, “बाई, मी काही म्हणू का? अंगाला हात लावत न्हाई.”

“काय म्हणणार?”

“गाणं. पाण्याचं.”

बाईंनी आधी नाही म्हटलं. ती व्यायामाची खोली होती आणि पलीकडे ऑपरेशनचं दालन. दोनचार दिवस रघुवीरचं काही होईना, तेव्हा म्हणाल्या, “हळू आवाजात. आणि हात लावायचा नाही.”

ते गाणं त्यांच्या जलशातलं, कुणी रचलं कुशाबालाही ठाऊक नव्हतं. एक सासुरवाशीण गावाबाहेरच्या विहिरीवर जाते. वस्तीला गावविहीर बंद, म्हणून लांब जाते. दोर ओढते आणि एकेका ओढीला आपली कहाणी सांगते.

खोल विहीर, लांब दोर,
ओढ ओढ गं सासुरवाशी,
घागर भरली काठोकाठ,
सांडू नको गं वाटेपाशी.

एका ओळीला हात वर, दुसरीला खाली. कथा लांब होती. सासू होती, नणंद होती, वाटेत अडवणारा पाटलाचा गडी होता. रघुवीर ऐकता ऐकता दोर ओढायला लागला. दुखायचंच. तोंड वाकडं व्हायचं, पण हात थांबायचा नाही, कारण ओळ अर्धी टाकणं त्याला ढोलकीवाला म्हणून जमत नव्हतं. गुडघे वाकवणारे, खांदे फिरवणारे दुसरे रुग्णही ऐकू लागले. पुढे काय झालं ते कळावं म्हणून माणसं वेळेआधी येऊन बाकावर बसू लागली. मीसुद्धा हात पुसत दारात उभा राहायचो. रोज थोडा थोडा हात वर येत होता. हनुवटीच्या खाली वीतभर राहिला होता.

मग चूक झाली. ती कशी झाली ते सांगतो, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून ती झाली नसती.

जलशात कथा संपताना चाल वाढते. शेवटी डफ, ढोलकी, झील सगळं एकदम चढतं आणि तिथेच टाळी पडते. चाल न चढवता गाणं संपवलं तर ते संपलं असं वाटतच नाही. त्या दिवशी विहिरीवरच्या बाईची घागर काठावर आली. कुशाबाचा आवाज चढला. आयुष्यभर मागे राहिलेला माणूस, त्या खोलीत पुढे दुसरा कोणी नव्हता. तो उभा राहिला, हातवारे करू लागला. रघुवीरच्या डाव्या हाताने बाकावर ठेका धरला आणि उजवा त्याच्याबरोबर पळू लागला. ढोलकीवाल्याला शिकवण हीच, की गाणारा चढला की आपण मागे राहायचं नाही. खोलीतली माणसं टाळ्या देत होती. कालिंदीबाई शेजारच्या खोलीत एका मुलीच्या पायाला पट्टी बांधत होत्या. त्या आल्या तेव्हा रघुवीरचा हात हनुवटीला लागलेला होता आणि सगळे ओरडत होते.

“थांबा!” बाई म्हणाल्या. “थांबा म्हणते ना!”

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर सुजून टरारलं. हात लावला तर गरम.

बाईंनी कुशाबाला वॉर्डाबाहेर बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही. “तुम्हाला मी काय सांगितलं होतं?”

“हात लावला न्हाई, बाई.”

“हात लावला असता तर परवडलं असतं. मी तुमचा हात धरला असता. आता त्या कोपरात हाड धरलं तर हात तोंडापर्यंत कधीच जाणार नाही. तुम्ही व्यायामाच्या खोलीत यायचं नाही. रुग्ण दारापर्यंत आणा आणि जा.”

कुशाबा “बरं” म्हणाला. बाईंचं खरं होतं.

हात पुन्हा झोळीत गेला. डॉक्टरांनी सांगितलं, सूज पूर्ण उतरेपर्यंत हालचाल बंद. थांबण्यापलीकडे उपाय नव्हता. रघुवीर घरी गेला आणि नेमाने दाखवायला येत राहिला. तो कुशाबावर चिडला नव्हता. चिडली होती बकुळा. जिन्यात गाठ पडली तेव्हा मी बरोबर होतो.

“काय ओ कुशाबाभाऊ,” ती म्हणाली, “तुमका कसली घाई होती? गाडी चुकत होती?”

कुशाबा तिला वाट द्यायला बाजूला सरकला.

“त्या विहिरीवरच्या बायेन तरी एवढी घाई केली काय? भरलेली घागर कोण अशी ओढता? अर्धा पाणी सांडात.” आणि ती निघून गेली.

कुशाबा कठड्याला टेकला. मग म्हणाला, “बरोबर हाय. आमची म्हातारी अशी ओढायची न्हाई. जलशातच तसं ओढतात.”

पुढचे दिवस त्याने काम केलं आणि तोंड बंद ठेवलं. कात्रीच्या वेळी मी हाक मारली तरी नुसता उशाशी बसायचा. मला कापायला वेळ लागू लागला. मी त्याला तसं सांगितलं. म्हणाला, “तुझं काम तू कर की.” मग मला राग आला आणि आम्ही काही दिवस बोललो नाही.

पावसाळ्यात रघुवीरच्या हाताचा फोटो काढला. हाड थोडं धरलं होतं, पण सांध्याच्या आड नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नशीब. कालिंदीबाईंनी फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. मग रघुवीरला म्हणाल्या, “पुन्हा पहिल्यापासून. दिवाळी विसरा.”

“दिवाळी कशी इसरान, बाई?”

“मग दिवाळी लक्षात ठेवा आणि हात विसरा.”

तो परत यायला लागला आणि परत बसून राहू लागला. आता तर भीती दुप्पट. बाई आकडे म्हणायच्या, हा बोटभर हलवायचा. असं चालू असता एके दिवशी रघुवीर म्हणाला, “बाई, कुशाबाक बोलवा.”

“नाही.”

“तो गाणा म्हणूचो नाय. मी गातलंय. तो मागे रवात.”

बाईंनी विचार केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वॉर्डात येऊन कुशाबाला सांगितलं, “गाणं रुग्ण म्हणेल. चाल तो ठरवेल. तो थांबला की तुम्ही थांबायचं. जमेल?”

“तेवढंच येतंय मला, बाई,” कुशाबा म्हणाला. “दुसरं केलं तिथंच फसलो.”

रघुवीरला गळा नव्हता. ढोलकीवाले बहुतेक बेसूर असतात. विहिरीचं गाणं त्याने दोन दिवस म्हटलं, मग कंटाळला. “ही बाय माझ्या काय कामाची नाय. मी काय पाणी भरतंय? माका माग होयो.” मग त्याने मागाचं गाणं जुळवायला सुरुवात केली. यमक जमत नसे. कांडी संपली, जॉबर आला, धोटा उचलला, असली ओळ. लोक हसायचे. बकुळाने शेजारच्या विणकराकडून एक झिजलेला धोटा आणला, तो हातात धरून तो गायचा. ओळ म्हणताना हात वर न्यायचा आणि दुखलं की ओळ मधेच तुटायची. ती तुटायच्या जरा आधी कुशाबा मागून ‘जी जी’ धरायचा. खालच्या आवाजात, न चढवता. रघुवीर तेवढ्यात दम घ्यायचा, हात आहे तिथेच ठेवायचा, खाली टाकायचा नाही. मग पुढची ओळ. मी हे दारातून पाहिलं आहे. कुशाबाची नजर हातावर नसायची, रघुवीरच्या बरगड्यांवर असायची.

हे काम दिसायला सोपं आहे. बसायचं आणि ‘जी’ म्हणायचं. पण पूर्ण तास दुसऱ्याच्या श्वासावर लक्ष ठेवून बघा. संपलं की कुशाबा तांब्याभर पाणी प्यायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. त्यानंतर वॉर्डातली भांडी होतीच.

दसऱ्याला कुशाबा रजा टाकून चाळीतल्या मंडळींबरोबर नागपूरला गेला, दीक्षेला. जाताना मला म्हणाला, “मास्तरकडं बघ जरा.” मी काय बघणार? मला झील येत नाही. मी दारात उभा राहिलो. रघुवीर एकटाच गात होता. ओळ तुटली, तेव्हा त्याने स्वतःच हळूच ‘जी जी’ म्हटलं, दम घेतला आणि पुढे गेला. कालिंदीबाई दुसऱ्या रुग्णाजवळ होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि हातातलं काम चालू ठेवलं.

कुशाबा परत आला तो पांढऱ्या कपड्यांत. वॉर्डात आणि व्यायामाच्या खोलीत पेढे वाटले. रघुवीरने डाव्या हाताने पेढा घेतला.

“उजव्यानं घे,” कुशाबा म्हणाला.

“पडात.”

“पडू दे. दुसरा देतो.”

रघुवीरने उजव्या हातात पेढा घेतला आणि हात वर नेला. हनुवटीपाशी अडला. त्याने दम घेतला, मान खाली आणली नाही. बाईंनी मान वाकवायची मनाई केली होती, कारण मागावर मान वाकवून दिवस निघत नाही. हात आणखी सरकला. पेढ्याचा निम्मा भुगा छातीवर सांडला, निम्मा तोंडात गेला. बकुळाने भुगा झाडला आणि जिन्यातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा कुशाबाशी बोलली, म्हणाली, “भावानू, माका पण एक देवा.”

बाई म्हणाल्या, “पेढा मऊ असतो. धोटा लाकडाचा असतो. उद्या धोट्याने दाखवा.”

दिवाळी झाल्यावर रघुवीर गिरणीत गेला. त्यानंतर तो इस्पितळात आला तो गिरणीत त्याला काम नव्हतं अशा एका दिवशी. कुशाबा एका म्हाताऱ्याची कूस बदलत होता, म्हणून रघुवीर खाटेच्या पायाशी उभा राहून सांगू लागला. मी तिथेच होतो.

जॉबरने त्याला एका मागापाशी उभं केलं. माग चालू, आजूबाजूला सगळं खातं बघतंय. कांडी संपली. त्याने धोटा काढला, नवी कांडी घातली आणि हात वर नेला. पहिल्यांदा सूत आलंच नाही. हात पोचला, पण पोचवण्यातच दम गेला, ओढायला श्वास उरला नाही.

“मग?” कुशाबाने म्हाताऱ्याच्या पाठीखाली हात सरकवत विचारलं.

“मग काय? जॉबर म्हणता, काय रे, काय जाला? मी म्हटलंय, थांब जरा.”

“थांबला?”

“थांबलो.”

“आणि?”

“दुसऱ्या दमाक ओढलंय. इला सूत.”

पुढच्या महिन्यापासून त्याचे माग त्याला परत मिळायचे होते. ढोलकी मात्र गेली. हात सरळ होत नव्हता, थाप खोल पडत नव्हती. पथकाने दुसरा ढोलकीवाला घेतला होता. रघुवीरने हे सांगितलं आणि खिडकीबाहेर बघत राहिला. कुशाबाने म्हाताऱ्याचा श्वास सुटायची वाट पाहिली आणि त्याला डाव्या कुशीवर वळवलं.

नंतर कालिंदीबाई नव्या रुग्णाला हात वळवायला सांगण्याआधी विचारू लागल्या, तुमचं काम काय, आणि तुम्ही गाता का. बहुतेक नाही म्हणायचे. काही हो म्हणायचे. कुशाबा माझ्याआधी निवृत्त झाला. तोवर व्यायामाच्या खोलीत त्याची बसायची जागा ठरलेली होती, रुग्णाच्या मागे, भिंतीला टेकून. पगार वॉर्डबॉयचाच राहिला.

रघुवीर गिरणीतली हकिगत सांगायला आला होता त्या दिवशी, निघताना तो कालिंदीबाईंना भेटायला गेला. त्या एका मुलाचा खांदा फिरवून घेत होत्या. त्यांनी त्याला बाकावर बसायला सांगितलं. तो बसला. मुलाचं होईपर्यंत बसून राहिला. मग बाईंनी त्याचा हात पाहिला, कोपराच्या आतल्या बाजूला बोटं दाबून विचारलं, “दुखतं?”

“दुखता.”

“कामाला जाण्याइतकं चालतं ना?”

“चालता.”

“मग रोज घरी करा. सोडलं तर बसेल.”

तो हो म्हणाला आणि गिरण्यांची दुपारची पाळी सुटून रस्ता भरायच्या आत, हाताला धक्का लागू नये म्हणून, चिंचपोकळीला घरी गेला.